हा माझ्याबरोबर आहे

गेले दिवे. आता सकाळपर्यंत येत नाहीत, मी सांगतो. ह्या बेलव्ह्यूत झाडं हौसेनं राखतात आणि विजेच्या तारा त्याच झाडांमधून नेतात. दर नोव्हेंबरला वारा सुटतो, दर नोव्हेंबरला फांदी पडते, आणि दर नोव्हेंबरला हे लोक तोंडाचा आ करतात. चारुता, ती मेणबत्ती जरा इकडे सरकव, पडद्यापासून लांब. आणि ऋषी, मघाशी काय म्हणत होतास? शनिवारी दोघं व्हिक्टोरियाला चाललात? सकाळच्या बोटीनं जाऊन रात्रीच्या बोटीनं परत?

जा की. गाव बघण्यासारखं आहे. समुद्र ओलांडला की कॅनडा, आणि कॅनडात उतरलं की इंग्लंडची नक्कल. राणीच्या नावाचं गाव, दगडी पार्लमेंट, त्याच्यावर लग्नघरासारख्या दिव्यांच्या माळा. दुपारी चहाच्या नावाखाली तीन मजली ताटलीत काकडीची सँडविचेस आणून ठेवतात. काकडीची! आणि आपली मंडळी रांग लावून ती खातात, वर फोटो टाकतात. असो. ज्याची त्याची हौस.

मी एकच विचारतो. तुमचे कागद कुठे ठेवणार आहात?

हसू नका रे. देवांगही असाच हसला होता.

देवांग सबनीस तुम्हाला माहीत नसेल. हल्ली तो मंडळाच्या कार्यक्रमांना येत नाही. इथून चार रस्ते सोडून राहतो. मूळचा ठाण्याचा. आणि हे मी ऐकीव सांगत नाही, त्यानं स्वतः ह्याच टेबलाशी बसून मला सांगितलंय. मी चाळीस वर्षं पुलांची गणितं केली, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. नव्हता म्हणा.

हुशार माणूस, नाही असं नाही. पण हुशारीपेक्षा तोरा मोठा. अकरा वर्षं वर्क व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत. स्वतः रांगेत उभा, पण मागच्याकडे बघायचा तो रांगेचा मालक असल्यासारखा. इंडियन स्टोअरमध्ये नवीन आलेलं कुणी मराठीत बोलताना दिसलं की हा फोन कानाला लावून इंग्रजीत सुरू. फोन बंद असला तरी! मी स्वतः पाहिलंय, स्क्रीन काळीकुट्ट होती. बॉर्डरच्या बातम्या लागल्या की म्हणायचा, "काका, आम्ही लीगल लोक वर्षानुवर्षं थांबतो आणि हे फुकटे चालत येतात. एकेकाला धरून परत पाठवायला पाहिजे." मी म्हणायचो, बाबा रे, तुझ्यात आणि त्यांच्यात फरक आहे तो एका कागदाचा. त्याला ते आवडायचं नाही. म्हणायचा, "तुम्हाला काय काका, तुमच्या वेळी ग्रीन कार्ड टपालानं घरी यायचं." तेही खरंच होतं म्हणा.

गेल्या वर्षीची गोष्ट. सोळा नोव्हेंबर, शनिवार. आदल्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेलेली, म्हणजे काळोखाची रात्रसुद्धा नव्हती. तुम्हाला वाटतं असल्या गोष्टी अमावास्येलाच होतात. त्यांना काय कॅलेंडर बघून यायचं असतं?

देवांगची बायको अदिती. गुणी पोरगी, ह्या माणसाच्या पदरी कशी पडली देव जाणे. तिला आठवा महिना होता, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिचं डोहाळजेवण. चाळीस माणसं बोलावलेली. पोरीनं एवढ्या महिन्यांत एकच हट्ट केला. व्हिक्टोरियातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानाचा फोटो तिनं पाहिला होता. त्यात चहाचा एक सेट, पांढरा, त्यावर जुईसारखी बारीक फुलं. दुकानदार म्हातारा खमका. पोस्टानं पाठवणार नाही म्हणाला, वाटेत फुटतो, हवा असेल तर या आणि घेऊन जा. देवांग म्हणाला, जाऊन येतो, एका दिवसाचं तर काम.

आता कागदांचं नीट ऐका. कॅनडात जायचा व्हिसा त्याच्याकडे होता, दहा वर्षांचा. पण पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा संपला होता. नियम असा की थोड्या दिवसांपुरतं कॅनडात जाऊन आलात तर संपलेल्या व्हिसावरही आत घेतात, फक्त पासपोर्ट आणि इथे राहायच्या परवानगीचा चालू कागद, दोन्ही हातात हवेत. ते हरवले, की बसा तिकडेच. आधी नवा पासपोर्ट, मग नवा व्हिसा, त्याची तारीख मिळायलाच कित्येक महिने. बायको इकडे दिवस भरत आलेली, एकटी. पोर बाप नसताना जन्माला यायचं. अदितीनं चारदा सांगितलं, "नको रे जाऊस, नको मला तो सेट." हा म्हणाला, "रूल्स मला माहीत आहेत. घाबरायचं ते इल्लीगल लोकांनी."

आणि आपल्या व्हिसावाल्यांची ती फाइल! तुझीही असेल ऋषी, मान खाली घालू नकोस. पासपोर्ट, परवानगीचा कागद, कंपनीचं पत्र, पगाराच्या पावत्या, लग्नाचं सर्टिफिकेट, डिग्रीसुद्धा, सगळं अस्सल, सगळं एकाच प्लास्टिकच्या फाइलीत. बॅगेत ठेवायची नाही, बॅग चोरीला जाईल म्हणून. हातात धरायची. देवांगची निळी होती. घरात अदिती जिना उतरताना त्यानं कधी तिचा हात धरला नसेल, पण ती फाइल दिवसभर काखेत.

सकाळी सिअ‍ॅटलच्या धक्क्यावरून बोट सुटली. समोरच्या सीटवर एक मराठी कुटुंब होतं, आजीनं डबा उघडला आणि ह्याला लाडू पुढे केला. हा म्हणाला, "नो, थँक यू," आणि उठून दुसरीकडे जाऊन बसला. पावणेतीन तासांनी व्हिक्टोरिया. तिथे उतरताना काही अडचण नाही. गाव बघितलं, नाकं मुरडली, तीन वाजता दुकानात जाऊन सेट घेतला. भलंमोठं खोकं, दोन्ही हातांनी धरायचं. म्हणजे फाइल काखेत. बंदराच्या कठड्याशी बाकावर त्यानं खोकं ठेवलं, फाइल ठेवली, आणि पार्लमेंट पाठीमागे घेऊन स्वतःचे फोटो काढले. एक नाही, वीसबावीस. मग खोकं उचललं आणि चालायला लागला.

साडेचारला सूर्य बुडाला. साडेपाचची बोट. पाचला पाच मिनिटं असताना हा धक्क्यावर रांगेत उभा, काउंटरवरची बाई म्हणाली, "पासपोर्ट, प्लीज." ह्यानं काखेत हात घातला.

काख रिकामी.

तोंडचं पाणी पळालं. खोकं तिथेच काउंटरवर टाकून धावत सुटला. बाकाशी आला तर बाकावर काही नाही. बाकाखाली नाही. पुढच्या बाकावर नाही. कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून पाहिलं. कॉफीचे कप, केळ्याची सालं. पाच वाजून दहा मिनिटं. अंधार पडलेला, पार्लमेंटवरच्या माळा लागल्या, लोक आनंदानं फोटो काढतायत, आणि हा सॉफ्टवेअर कंपनीतला डायरेक्टर माणूस कचऱ्याच्या डब्याशी गुडघे टेकून रडतोय. म्हणाला, "काका, मला फक्त अदिती दिसत होती. हॉस्पिटलमध्ये. एकटी."

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब."

मराठीत. स्वच्छ मराठीत, रत्नागिरीकडचा हेल.

मागे एक म्हातारा उभा. काटकुळा, अंगात मोठा काळा कोट, बाह्या इतक्या लांब की हात दिसत नव्हते. डोक्यावर गोल टोपी. कोट खांद्यावर ओलाकच्च, आणि पाऊस तर दिवसभर नव्हता. छातीशी निळी फाइल.

"ही तुमची ना?"

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात ना, तसं झालं. ज्या माणसानं सकाळी आजीचा लाडू घेतला नाही, तो म्हाताऱ्याच्या खांद्याला धरून "काका, थँक यू, काका, तुम्ही देव आहात" करायला लागला. खिशातून नोटा काढल्या. म्हाताऱ्यानं मान हलवली.

"पैसे नकोत साहेब. एक काम करा. मला पलीकडे जायचंय. तिकडे आमची माणसं आहेत. माझ्याकडे कागद नाही. पलीकडे उतरताना तिथल्या साहेबानं विचारलं तर एवढंच म्हणा, हा माझ्याबरोबर आहे."

"तुम्ही इथे कसे आलात?"

"बोटीवर आगवाला होतो. भट्टीत कोळसा मारायचा. बोट निघून गेली, मी राहिलो."

आता कोळशावर चालणारी बोट ह्या पोराच्या आजोबानं तरी पाहिली असेल का? पण हा पडला सॉफ्टवेअरवाला. त्याला वाटलं, असेल एखाद्या जहाजाच्या इंजिनरूममधला पळालेला. आणि पाच वाजून तेरा मिनिटं झाली होती. आपल्या लोकांची एक खोड आहे बघा. तोंडावर 'नाही' म्हणवत नाही. बघू, करू, नक्की, या की एकदा घरी... काहीही म्हणून वेळ मारून न्यायची. देवांगही म्हणाला, "हो हो, नक्की. शब्द दिला. आईची शप्पथ."

"शपथ नको," म्हातारा म्हणाला. "शपथा पुष्कळांनी घेतल्या. तिथे म्हणा म्हणजे झालं."

पळत पळत दोघं धक्क्यावर. काउंटरवरच्या बाईनं देवांगचा पासपोर्ट पाहिला, बोर्डिंग पास दिला. म्हातारा त्याच्या मागोमाग आत आला. त्याला कुणी काही विचारलं नाही. देवांगला नवल वाटलं, आणि लगेच रागही आला. हे बघा, म्हणे, असे घुसतात.

बोट सुटली. देवांग खिडकीशी बसला, खोकं पायाशी, फाइल पोटाशी. म्हातारा शेजारच्या सीटवर. आणि फाइल हातात आल्याबरोबर ह्याची अक्कलही परत आली. अक्कल म्हणजे काय, जुना तोरा. मनात हिशेब सुरू. हा कोण, कुठला. बिनकागदाच्या माणसाला 'माझ्याबरोबर आहे' म्हणायचं म्हणजे माणूस चोरून आणल्याचा आरोप. माझा व्हिसा आधीच संपलेला. अकरा वर्षं पाण्यात. घर जाईल, नोकरी जाईल, उद्या चाळीस लोक जेवायला येणार ते काय म्हणतील? एका भिकारड्यासाठी? गरज सरो, वैद्य मरो. फाइल सापडून अर्धा तास झाला नव्हता हो.

"काका," तो म्हाताऱ्याला म्हणाला, आणि ह्या वेळच्या 'काका'त मघाचं पाणी नव्हतं, "तुम्ही असं करा, तुमच्या एम्बसीत जा. प्रॉपर प्रोसेस असते. माझं काय आहे, माझीच केस जरा..."

म्हातारा समोर बघत होता. म्हणाला, "इथपर्यंत सगळे आणतात."

"म्हणजे?"

"तुमच्यासारखे. आपलेच लोक. फाइल हरवते, पाकीट हरवतं, एकदा एका बाईचं पोर हरवलं होतं. शोधून दिलं की शब्द देतात. बोटीत घेतात."

"मग?"

"मग पलीकडे गेल्यावर ओळखत नाहीत."

"मग तुम्ही काय करता?"

"परत जातो."

"कसे? बोट तर सकाळी असते."

म्हातारा खिडकीबाहेर पाण्याकडे बघत राहिला. काळं पाणी, त्यावर चांदणं. मग म्हणाला, "...जातो."

त्याच वेळी एक गोरी बाई छत्री घेऊन आली. देवांगला हसून म्हणाली, "इज एनीवन सिटिंग हिअर?" देवांग काही बोलायच्या आत तिनं छत्री शेजारच्या सीटवर आडवी ठेवली आणि स्वतः पलीकडच्या रांगेत बसली.

छत्री सीटवर आडवी पडली होती.

आणि म्हातारा तिथेच बसला होता.

देवांगनं बघितलं. डोळे मिटले. पुन्हा बघितलं. छत्रीची मूठ सीटच्या ह्या टोकाला, टोक त्या टोकाला. मध्ये म्हाताऱ्याच्या मांड्या. कोटातून पाणी टपकत होतं... सीट कोरडी होती.

तो उठला. खोकं तिथेच टाकून वरच्या डेकवर गेला. वारा अंगात शिरत होता, कुणी नव्हतं वर. कठड्याला धरून उभा राहिला. मनात म्हणाला, दमलोय. सकाळपासून धड खाल्लं नाही. आहे कोण तिथे? कुणी नाही.

जळक्या कोळशाचा वास आला. ओल्या कोळशाचा.

डावीकडे तीन हातांवर म्हातारा. तसाच कठड्याला टेकून.

"वेळ होतोय साहेब," तो म्हणाला. "दिवे दिसायला लागले."

सिअ‍ॅटलचे दिवे दिसत होते. आठ वाजून दहा मिनिटं.

धक्क्यावर उतरले. इमिग्रेशनची रांग. लांब हॉल, पांढरे दिवे, दोन काउंटर. देवांगच्या पुढे तेच सकाळचं मराठी कुटुंब, आजी आणि डबा. मागे... मागे तो होता. देवांगनं वळून पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. मानेवर गार लागत होतं.

रांग पुढे सरकली. एक पाऊल. मागेही एक पाऊल.

ह्यानं मला सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता, त्याचं तेवढं मात्र मानतो मी. म्हणाला, "काका, तेव्हा मला कळलं होतं. तो माणूस नाही हे कळलं होतं. आणि तरीसुद्धा मी काय विचार करत होतो माहितीये? हे मी ऑफिसरला सांगितलं, आणि तिथे कुणीच नसलं, तर तो मला वेडा ठरवेल. आत नेतील, चौकशी करतील. व्हिसा संपलेला दिसेल. उद्या डोहाळजेवण आहे." आणि शेवटी म्हणाला, "आणि खरं सांगू? मला त्याचा रागही येत होता. मेल्यावरसुद्धा फुकटात आत यायचंय."

ऐकलंत? मेल्यावरसुद्धा!

"नेक्स्ट."

देवांग काउंटरवर गेला. फाइल उघडली. पासपोर्ट दिला, कागद दिला. ऑफिसर तरुण होता, कंटाळलेला. पानं उलटली. संपलेला व्हिसा पाहिला. कागद पाहिला. पुन्हा व्हिसा पाहिला.

"ट्रॅव्हलिंग अलोन?"

उजवीकडे म्हातारा येऊन उभा राहिला. टोपी काढून. मान खाली. साहेबापुढे उभं राहतात तसा.

...

देवांगनं तोंड उघडलं. म्हणाला, "अलोन."

ऑफिसरनं वर बघितलं. का बघितलं, कुणास ठाऊक. देवांगकडे बघितलं, मग त्याच्या उजव्या खांद्याच्या पलीकडे. जरा वेळ तिकडेच.

"यू शुअर, सर? नोबडी विथ यू?"

काय लागत होतं म्हणायला? चार शब्द होते. 'ही इज विथ मी.' समोरचा स्वतः विचारत होता. दार उघडून धरावं तसं विचारत होता.

"नो," देवांग म्हणाला. "आय डोन्ट नो एनीवन. आय ॲम अलोन."

हॉलमध्ये कसलाच आवाज नव्हता, म्हणाला... आजीचाही नाही, मुलांचाही नाही.

मग कानाशी, अगदी हळू, म्हातारा म्हणाला, "बरं, साहेब."

धप्प. शिक्का पडला. शिक्का पडताना देवांगनं डोळ्यांनी पाहिला. शाई ओली होती, चमकत होती. ऑफिसर म्हणाला, "वेलकम बॅक," पासपोर्ट मिटून हातात दिला. देवांग चालायला लागला. काचेच्या दाराशी पोचल्यावर त्यानं पहिल्यांदा मागे पाहिलं. दोन-चार गोरे, एक सायकलवाला. बास. मानेवरचं गारही गेलं होतं.

साडेनवाला घरी. अदिती जागीच होती. खोकं कुणीतरी धक्क्यावर उतरवून ठेवलं होतं ते ह्याला मिळालं, कप एकही फुटला नव्हता. दुसऱ्या दिवशी डोहाळजेवण थाटात झालं. मीही जेवलो तिथे, श्रीखंडावर ताव मारला. देवांग चहा ओतताना सगळ्यांना सांगत होता, "कागदपत्रं क्लीन असली की बॉर्डरला काही प्रॉब्लेम येत नाही." मी तेव्हा काय समजणार? मला वाटलं, नेहमीचा तोरा. डिसेंबरअखेर मुलगी झाली, गोड आहे पोर. बाप प्रसूतीच्या वेळी तिथे हजर होता. त्याला जे हवं होतं ते सगळं मिळालं, नाही म्हणायला जागा नाही.

मग फेब्रुवारी. तारीख सांगतो, अकरा, मंगळवार. रात्री दहाला वीस कमी. पाऊस पडत होता. माझी दारावरची बेल वाजली. दारात देवांग, घरातल्या चपला, डोक्यावर छत्री नाही, पोटाशी निळी फाइल.

त्याच्या व्हिसाची मुदत वाढवायची होती. कंपनीच्या वकीलबाईचा फोन आला होता. म्हणाली, नोंदीत तू सोळा नोव्हेंबरला गेल्याचं दिसतंय, परत आल्याचं दिसत नाही. कागदाप्रमाणे तू अजून व्हिक्टोरियातच आहेस. हा आधी हसला. तिलाच झापलं, "तुम्हा लोकांना एक काम धड येत नाही. शिक्का आहे माझ्याकडे, आत्ता फोटो पाठवतो." आणि फाइल उघडली. त्या रात्रीपासून पहिल्यांदाच.

मी त्याला इथे बसवलं. हिनं चहा केला, त्यानं घेतला नाही. मग त्यानं ही सगळी हकिगत सांगितली, तुम्हाला सांगितली तश्शी. दोन तास लागले. मधेच थांबायचा... बघत राहायचा.

शेवटी मी विचारलं, "देवांग, त्या म्हाताऱ्याचं नाव काय होतं?"

पावणेतीन तास शेजारी बसून आणलं होतं त्याला.

"विचारलं नाही," म्हणाला.

मग त्यानं पासपोर्ट काढून माझ्यापुढे सरकवला. अकरावं पान. मी चष्मा लावला, दिवा जवळ ओढला.

शिक्का नव्हता. शिक्क्याच्या जागी अंगठा उठवलेला होता. डाव्या हाताचा, काळा, रेघ न् रेघ दिसत होती. सही न येणारा माणूस उठवतो तसा, नीट दाबून. मी खिशातला रुमाल काढून पुसून पाहिलं. रुमाल काळा झाला. पुन्हा पुसलं, पुन्हा काळा झाला. पानावरचा अंगठा मात्र होता तसाच राहिला.